अख्खं गाव हालतं ठेवायचं तर पैसे कुठे घालावेत? खुल्या व्यायामशाळा पुरतील का?

नगरकारभारी (प्रश्न)

मराठवाड्यातली क वर्ग नगरपरिषद, वस्ती अंदाजे ३८ हजार. पुढच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या व्यायामासाठी तरतूद करायचं घाटतंय. आतापर्यंत टेबलावर दोनच प्रस्ताव आहेत: सहा ठिकाणी खुल्या व्यायामशाळा आणि डिसेंबरात एक मॅरेथॉन. दोन्हींना विरोध नाही, पण सहा उद्यानांत मिळून रोज किती माणसं येणार? गावातल्या बाकीच्यांचं काय? बायका, शाळेची मुलं, दिवसभर दुकानात बसणारे, साठीपुढचे, या सगळ्यांची हालचाल थोडी थोडी वाढावी असं काही करता येतं का? आणि वर्षभराने ते वाढलं की नाही हे मोजायचं कसं? गुळगुळीत उत्तरं नकोत. मापं, खर्चाचे कच्चे दुवे आणि कुठे फसतं ते सांगा. पैसे मोजकेच आहेत.

जनआरोग्य

आधी उद्दिष्ट नीट ठरवा, मग वस्तू. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन असं आहे: प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. भारतात यात कमी पडणारे प्रौढ २०२२ च्या अंदाजानुसार ४९.४ टक्के; बायकांत ५७, पुरुषांत ४२. जगाची सरासरी ३१. म्हणजे तुमच्या गावातले निम्मे प्रौढ, आणि त्यातही बायका जास्त. सकाळी उद्यानात येणारा माणूस या निम्म्यांत नसतोच. मॅरेथॉनला धावणारा तर नाहीच नाही.

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ मध्ये मांडलेला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो: धोक्यातली थोडी माणसं वेचून त्यांना खूप बदलण्यापेक्षा सगळ्यांना जरासं सरकवलं तर एकूण फायदा मोठा. पाच हजार जण रोज दहा मिनिटं जास्त चालले, तर ते दोनशे जणांच्या तासभर व्यायामाच्या चौपटीहून जास्त भरतं.

आता मोजणी. जीपॅक ही जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची प्रश्नावली वापरा. हालचालीचे तीन कप्पे आहेत: काम, जाणं-येणं, फावल्या वेळातला व्यायाम. मध्यम श्रमाचं मिनिट गुणिले ४, जोराच्या श्रमाचं गुणिले ८, आठवड्याची बेरीज ६०० च्या खाली गेली की ती व्यक्ती अपुरी सक्रिय. समजा एक बाई आठवड्यात सहा दिवस २० मिनिटं चालत बाजारात जाते: १२० गुणिले ४ म्हणजे ४८०, कमी पडली. त्यात घरचं धुणं, दळण, पाणी भरणं धरलं तर सहज पार होईल. आणि फसतं ते नेमकं इथेच. सर्वेक्षक दारात उभा राहून "व्यायाम करता का?" असं विचारतो, बाई "नाही हो, वेळ कुठे" म्हणते आणि पान शून्य भरलं जातं. कामाचा कप्पा आधी विचारायचा, आणि उदाहरणं घालून: "हंडा भरून आणता का? किती वेळ लागतो? तेव्हा श्वास थोडा तरी वाढतो का?" मुख्य म्हणजे श्वास वाढतो की नाही हे विचारलंच पाहिजे, नाहीतर ओट्याशी उभं राहण्याचे चार तासही श्रमात जातात. प्रश्नावलीत सलग १० मिनिटांची अट आहे. २०२० च्या मार्गदर्शनातून ती अट गेली आहे, पण तुलना करायची तर प्रश्न आहेत तसेच ठेवा. एखाद्या कप्प्यात दिवसाला १६ तासांहून जास्त नोंद आली तर ते उत्तर बाद.

नमुना किती? नुसता टक्का कळायला (५ टक्के इकडे-तिकडे) ३८४ माणसं लागतात. गल्ल्यागल्ल्यांतून गटाने घेतलीत तर सहाशे धरा. पण ५० चा टक्का ४५ वर आला हे दाखवायचं असेल तर प्रत्येक फेरीला साधारण १५६० हवीत, गटाने घेतल्यास आणखी. शारीरिक हालचालीच्या जागतिक आराखड्याचं अपुऱ्या सक्रियतेबाबतचं २०३० पर्यंतचं लक्ष्यच १५ टक्के सापेक्ष घट आहे, म्हणजे ४९ वरून ४२ च्या आत-बाहेर. एका वर्षात पाच टक्के गुण घटतील अशी आशा धरू नका. पहिली फेरी आता, दुसरी तीन वर्षांनी.

दरवर्षीसाठी रस्त्यावरची मोजणी पुरते. तीन-चार ठरलेल्या जागा, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी ७ ते ८ आणि संध्याकाळी ५.३० ते ६.३०. दोन माणसं, एक पॅड, चार रकाने: बाई, पुरुष, मूल, ज्येष्ठ. पुढच्या वर्षी तोच आठवडा. आठवडी बाजाराचा दिवस एकदा धरला आणि एकदा टाळला की सगळी मोजणी मातीत.

सकाळचा_फेरफटका

हे सगळं ठीक आहे, पण लोकांत इच्छाच नसेल तर? उद्यानं ओस असतात, ट्रॅकवर माणूस दिसत नाही. जागृती आधी, सोयी नंतर असं वाटतं.

जनआरोग्य

इच्छेवर अवलंबून नसलेली हालचालच सगळ्यात टिकाऊ असते. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्यांना कुणी व्यायाम करा म्हणून सांगितलं नव्हतं. कामच तसं होतं. जागृतीचा खर्च करायचाच तर "व्यायाम करा" असं मोघम लिहू नका. "बसस्टँड ते मार्केट यार्ड पायी ११ मिनिटं" अशी अंतराची पाटी लावा. अंतराचा अंदाज लोक बऱ्याचदा जास्त धरतात, म्हणून दुचाकी निघते. मात्र मिनिटं खरी मोजून लिहा, तिशीतल्या माणसाच्या नव्हे, साठीतल्या माणसाच्या चालीने.

फूटपट्टी

मिनिटं लिहाल, पण माणूस चालणार कुठून? पाटीआधी पदपथ. नाहीतर आधी कळस मग पाया.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, बाजारपेठेत २.५ मीटर. 'मोकळी' याला महत्त्व आहे. १.८ मीटरचा पदपथ बांधून त्यात विजेचा खांब, डीपीचं खोकं आणि झाडाचं आळं बसवलं की उरतात ७० सेंटिमीटर, आणि माणूस पुन्हा डांबरावर. खांब-झाडांसाठी कडेला वेगळी पट्टी धरा. रस्ता एवढा रुंद नसेल तर दोन्हीकडे अर्धवट करण्यापेक्षा एकाच बाजूला पूर्ण करा. लहान गावात हे चालतं, मोठ्या शहरातले सल्लागार मान्य करत नाहीत तो भाग वेगळा.

उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. ठेकेदार २५० ते ३०० करतो, कारण त्याखाली गटार बसवायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढता येत नाही, आणि प्रत्येक घराच्या फाटकापाशी तो खाली उतरून पुन्हा वर जातो. पन्नास पावलांत चार चढ-उतार. फाटकापाशी पदपथ त्याच पातळीवर सरळ जायला हवा. गाडीसाठीचा उतार पदपथाच्या बाहेर, कडेच्या पट्टीत. टोकांना उतार १ ला १२, म्हणजे एक उंचीला बारा लांबी.

पेव्हर ब्लॉकचं सांगतो, कारण सगळा पैसा तिथे वाया जातो. फक्त माणसं चालणार असतील तर ५० मिमी जाडी, एम ३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) चालते. पण आपल्याकडे दुचाकी वर चढतेच, म्हणून ६० मिमी, एम ३५ धरा. खाली दाबलेला मुरूम किंवा खडी, त्यावर २० ते ४० मिमी वाळूचा थर, कडेला काँक्रीटची घट्ट किनार. किनार नसली की पहिल्या पावसाळ्यात वाळू वाहते, ब्लॉक पसरतात, सांधे उघडतात. दुसरं म्हणजे नळजोडणी. ब्लॉक बसवून महिना झाला नाही तोवर पाणीपुरवठा विभाग खोदतो आणि माती तशीच ढकलून वर ब्लॉक ठेवून जातो. तिथे खड्डा पडणारच. काम काढण्याआधी पाणी, वीज आणि केबलवाल्यांकडून लेखी घ्या की पुढच्या तीन वर्षांत इथे खोदाई नाही. असेल तर आधी उरका.

दुचाकी अडवायला खांब लावाल तर दोन खांबांत ९० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर नको, चाकाची खुर्ची गेली पाहिजे. हो, तेवढ्यातून मोटारसायकलही जाते. खांबाने दुचाकी थांबत नाही, चारचाकी थांबते. दुचाकीला दंडच लागतो.

शाळा आणि दवाखान्यासमोर गतिरोधक हवा, पण तीस सेंटिमीटरची रबरी पट्टी नव्हे. आयआरसी ९९ चं माप: ३.७ मीटर लांबीची, १० सेंटिमीटर उंचीची गोलाई, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. पट्टीवरून गाडी आपटत वेगातच जाते, गोलाईवर वेग खरंच कमी होतो. त्याहून बरं म्हणजे सपाट माथ्याचं उंचावलेलं क्रॉसिंग, पदपथाच्याच पातळीचं.

सुरुवात कुठे करायची? एक शाळा निवडा, तिच्याभोवती ५०० मीटर. टेप, खडू आणि मोबाइल घेऊन दोघांनी फिरायचं. जिथे मोकळी रुंदी १.८ च्या खाली, जिथे पायरी, जिथे दिवा बंद, जिथे मोकाट कुत्र्यांचा कळप, तिथे नोंद. संध्याकाळी सातनंतर एकदा पुन्हा फिरा. दिवसा दिसत नाही ते तेव्हा दिसतं. फेरीवाल्यांना हुसकावून पदपथ मोकळा करायच्या भानगडीत पडू नका. २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, समितीतून जागा आखून द्या. आणि खरं सांगायचं तर भाजीची गाडी आणि तिचा दिवा असलेल्या रस्त्यावर बायका रात्री चालतात, रिकाम्या रस्त्यावर नाही.

मैदानमास्तर

शाळांचा पैसा वेगळा काढावा लागत नाही, वेळापत्रक आणि किल्ली लागते.

३५ मिनिटांचा तास, वर्गात ६० मुलं, एक चेंडू. हजेरी, रांग, सूचना यांत दहा मिनिटं गेली, उरलेल्यांत प्रत्येकाच्या वाट्याला पळण्याची चार-पाच. खो-खोसारख्या आपल्या लाडक्या खेळातही हेच. खेळ म्हणून तो अव्वल, पण मैदानाकडे बघा: पाठलाग करणारा एक, बसलेले आठ, बचावाला आत तीन. बारातले आठ जण उकिडवे. स्पर्धेसाठी तसाच ठेवा, तासाला मात्र पाटी छोटी करा: चार बसलेले, एक पळणारा, दोन बचावाला, दीड मिनिटाची पाळी, आणि अशा चार पाट्या शेजारी शेजारी. एका वेळी २८ मुलं मैदानात, उरलेली ३२ दुसऱ्या बाजूला.

त्या बाजूला चुन्याने १० बाय १० मीटरचे चार चौकोन आखा, प्रत्येकी आठ मुलं, लंगडी किंवा पकडापकडी. बाद झालेल्याला बाहेर बसवायचं नाही, हा नियम पाळला नाही तर सगळं फुकट. बाद होतो तो सगळ्यात कमी पळणारा, आणि त्यालाच आपण बसवतो. बाद झाला की चौकोनाला एक फेरी मारून पुन्हा आत. दर सहा-सात मिनिटांनी पाट्या आणि चौकोन यांची अदलाबदल. चुना पावसात जातो, म्हणून कायमच्या कोपऱ्यांना विटेचे तुकडे जमिनीसपाट गाडा, वर आलेले नकोत.

संध्याकाळी ५ ते ७ शाळेचं मैदान गावाला उघडं करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. अडतं ते चार गोष्टींवर: किल्ली कुणाकडे, सकाळी कचरा कुणी उचलायचा, फुटलेल्या काचेचं कुणी भरायचं, स्वच्छतागृह उघडं राहणार का. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि नगरपरिषदेचं पत्र यांत ही चारही उत्तरं लिहून घ्या. देखरेखीला मानधनावर एक माणूस. वर्गखोल्यांच्या व्हरांड्याला जाळीचं दार लावलं की मुख्याध्यापकांची निम्मी हरकत मिटते. मोठ्या मुलांचं क्रिकेट सुरू झालं की मैदान त्यांचंच होतं आणि मुली काठावर. आठवड्यातले तीन दिवस टेनिस-चेंडूला मनाई, फक्त मुलींच्या खेळाचे वार असं फलकावर रंगवूनच टाका.

वस्तीसंघ

बायकांसाठी सकाळ विसरा. सकाळी डबे आणि पाणी. मिळतो तो तास दुपारी साडेचार ते साडेपाच, शेतमजूर वस्तीत रात्री साडेआठनंतर. जागा वस्तीतलीच, चालत पाच मिनिटांत: समाजमंदिर, अंगणवाडीची गच्ची, देवळाचं पटांगण. उद्यान दोन किलोमीटरवर असेल तर घरातून "कुठे चाललीस" हा प्रश्न येतो. बचतगटाच्या बैठकीला जोडून घेतलं तर तो येत नाही.

वस्तीस्तर संघातून (वस्तीतल्या बचतगटांचा संघ) दर गटाला एक ताई निवडा, पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण द्या, एका गटात १५ ते २० जणी. पंचेचाळीस मिनिटं: दहा मिनिटं जागेवर चालणं, वीस मिनिटं ताकद, दहा मिनिटं तोल, शेवटी ताण. ताकदीसाठी काही विकत घ्यायला नको. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १०, एक-एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या खांद्यापासून वर १०. तिन्हींच्या दोन-दोन फेऱ्या. जमलं की पुढच्या पंधरवड्यात तिसरी फेरी. सांधे दुखतात म्हणणाऱ्या बायकांना बसवून ठेवू नका, उठ-बस उंच खुर्चीवरून द्या. छातीत दुखणं, चक्कर, किंवा दोन पायऱ्यांत धाप असेल तर आधी आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) दाखवायचं. तिशीपुढच्या बायकांचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायची यादी) आशाताई भरतातच, त्यात आठवड्याला १५० मिनिटांचा प्रश्न आहे. 'कमी' अशी खूण असलेल्यांची यादी ताईला आशाताईंकडून मिळावी, पण फक्त नाव-पत्ता आणि तेही त्या बाईला विचारून. आजाराची माहिती नाही.

गळती कधी होते हे आधीच ठाऊक असतं: लग्नसराई, दहावी-बारावीच्या परीक्षा, सोयाबीनची काढणी, दिवाळीची साफसफाई. तेव्हा वर्ग बंद करू नका, आठवड्याला एकावर आणा. पूर्ण बंद पडलेला गट पुन्हा उभा राहत नाही. ताईला मानधन दर महिन्याला, वेळेवर. तीन महिने थकलं की ताई जाते आणि तिच्या मागोमाग गट. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवलेल्या निधीत हे बसतं का, लेखाधिकाऱ्यांना आत्ताच विचारा.

नगरकारभारी

खूप कामाचं मिळालं. दोन शंका. खुल्या व्यायामशाळा अगदीच रद्द करता येणार नाहीत, दोन तरी होणारच. त्यांत काय घ्यावं? आणि मॅरेथॉनऐवजी रविवारी रस्ता बंद करून चालणं-सायकल असा उपक्रम लहान गावात चालतो का?

फूटपट्टी

हवेत पाय हलवायचं यंत्र आणि कंबर फिरवायची चकती यांवर गर्दी होते, स्नायूंना मात्र फारसं काही मिळत नाही, कारण भार कमी-जास्त करता येत नाही. शिवाय फिरणारा प्रत्येक सांधा म्हणजे बेअरिंग. धूळ आणि पाणी आत गेलं की आधी किरकिर, मग अडकतं, मग कुणीतरी दांडा वाकवतो. न हलणाऱ्या वस्तू जास्त घ्या: तीन उंचींचे लटकायचे बार, समांतर बार, दंडासाठी दोन उंचींचे आडवे पाईप, उठ-बसीसाठी ४० आणि ५० सेंटिमीटर उंचीचे दोन बाक. सगळं गरम जस्त-लेप दिलेलं, नुसता रंग नको. हलणारी यंत्रं दोनच, आणि लहान मुलांच्या झोपाळ्यापासून लांब. हवेत झुलणाऱ्या पायपट्टीचा दणका मुलांच्या डोक्याला नेमका बसतो. निविदेत तीन वर्षांची देखभाल, बिघाड कळवल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती आणि सुरक्षा ठेव रोखून ठेवायची अट. जागा चालण्याच्या वाटेला लागून, सावलीत. उन्हाळ्यात दहा वाजता लोखंडाला हात लावून बघा, मग सावलीचं कळेल.

जनआरोग्य

रस्ता बंदचं मूळ उदाहरण कोलंबियातलं बोगोटा. १९७४ पासून चालू, दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २, शंभर किलोमीटरच्या वर रस्ते. टिकलं ते दर आठवड्याला होतं म्हणून. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद असतो. चांगला आहे, पण वर्षातून एकदा. तुम्ही दीड किलोमीटर घ्या, महिन्यातून दोन रविवार, ६ ते ९, आणि तारखा वर्षाच्या छापून टाका. रुग्णालयाचा, एसटीचा रस्ता टाळा. वाहतूक बंदीची अधिसूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली निघते, पोलिसांशी दोन महिने आधी बोला. रुग्णवाहिकेसाठी एक टोक दोन माणसांनी सरकवता येईल अशा हलक्या अडथळ्याचं. स्टॉल आणि भाषणं आणली की चालणं थांबतं आणि जत्रा होते. पहिल्या तीन-चार वेळा दुकानदार बोंब मारतील, म्हणून नऊला रस्ता उघडायचा म्हणजे उघडायचाच.

वस्तीसंघ

त्यात एक घाला: रस्त्यावर दोन जागी सायकल शिकवायची सोय, बायकांसाठी. लेडीज सायकली सहा पुरेत, सीट खाली उतरवलेली, सुरुवातीला पायडल काढलेली. पाय टेकत ढकलत तोल आला की मग पायडल. मागे धरून पळणाऱ्या माणसापेक्षा ही पद्धत लवकर जमते. साडीचा पदर आणि ओढणी मागच्या चाकात जाते, त्यासाठी चाकाची जाळी आणि एक मोठी सेफ्टी पिन.

सकाळचा_फेरफटका

आणि जून ते सप्टेंबर? एप्रिल-मेचं ऊन?

मैदानमास्तर

पावसाळ्यात मैदान गेलं की शाळेचा व्हरांडा आणि मंगल कार्यालयाचा हॉल. लग्नं आषाढापासून थंडावतात, भाडं तेव्हा कमी होतं, चार महिन्यांचा एकत्र करार करा. उन्हाळ्यात सगळं ६.३० च्या आधी किंवा सूर्य मावळल्यावर, म्हणजे दिव्यांचा खर्च एप्रिल-मेमध्ये दाखवा, डिसेंबरात नव्हे. मैदानावर पिण्याच्या पाण्याचे दोन माठ आणि ते रोज धुणारा माणूस हे देखरेखीच्या मानधनातच धरा. वेगळं शीर्षक केलंत तर मार्चअखेर खर्चायचं राहूनच जातं.